बोजारा, बोनस आणि ड्रायफ्रूटचा डबा

नवरात्रीचे नऊ रंग कुठल्याही पुराणात नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’नं ते सुरू केले. पेपरनं रोजचा रंग जाहीर करायचा, बायकांनी त्या रंगाच्या साड्या नेसून लोकलच्या डब्यात, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये फोटो काढायचे आणि पाठवायचे, पेपरनं ते छापायचे. वाचक वाढवायची ही एक साधी युक्ती होती. आज माझ्या ऑफिसातल्या बावीस वर्षांच्या मुलींना ते नऊ रंग देवीइतकेच जुने वाटतात, आणि घटस्थापनेच्या आठवडाभर आधी एचआरकडून रंगांचा तक्ता मेलवर येतो.

मला या रंगांची टिंगल करायची नाही. प्रत्येक परंपरा कधीतरी कुणीतरी सुरू केलेलीच असते, आणि या नव्या परंपरेत काही गोष्टी चांगल्या आहेत. पिवळा कुर्ता घालायला सोवळं लागत नाही. जात विचारली जात नाही. टीममधली सबा पिवळ्या दिवशी पिवळा दुपट्टा घेऊन येते तेव्हा तिला कुठल्या मूर्तीपुढे हात जोडावे लागत नाहीत. जुन्या सणांपैकी किती सणांबद्दल असं म्हणता येईल?

मग खटकतं काय? समीक्षक कवितेला विचारतो तोच प्रश्न मी सणाला विचारून बघते. कविता भाषेचं काहीतरी करते, तसा कामाच्या जागी साजरा होणारा सण कामाचं काय करतो? काम थांबवतो? काम करणाऱ्याच्या हातात काही ठेवतो? त्याला तोंड उघडू देतो? या नजरेनं मी तीन सण पाहिलेत आणि तिन्ही जवळून. शेतातला, खाणीतला आणि पुण्यातल्या आयटी कंपनीतला.

मी राजूरची. यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात. अहिल्यानगरकडचं राजूर वेगळं, जालन्याकडचं गणपतीचं राजूर वेगळं. आमच्या राजूरला लोक राजूर कॉलरी म्हणतात. कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या, या दोन गोष्टींवर गाव वाढलं. एकाची धूळ काळी, दुसऱ्याची पांढरी. दोरीवरचे कपडे बघून कोणत्या बाजूला वारा आहे ते कळायचं. कोळशामुळे गावात बिहारचे, उत्तर प्रदेशचे, छत्तीसगडचे, तेलुगू बोलणारे असे सगळे आले, आणि येताना आपापले सण घेऊन आले. आजूबाजूला मात्र कापसाची शेतं. त्यामुळे श्रावणाच्या अमावस्येला पोळा आणि १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा हे दोन्ही सण आमच्या लहानपणी महिनाभराच्या आतबाहेर यायचे. एक बैलाचा, एक मशीनचा.

पोळ्याला आपण शेतकऱ्याचा सण म्हणतो. नीट पाहिलं तर तो कामगाराचा सण आहे, फक्त कामगार चार पायांचा आहे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी किंवा तेल लावून चोळायचा, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. खांदाच का? कारण जू तिथं बसतं. वर्षभर कातडी तिथं सोलवटते. हा सण ज्यानं रचला त्याला काम कुठं दुखतं हे नेमकं माहीत होतं, आणि त्यानं पूजेची सुरुवात त्या जागेपासून केली. दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही. शिंगं रंगवा, झूल घाला, बेगड लावा, पुरणपोळी चारा, पण जुंपायचं नाही. सजावट हवी तितकी करा, आधी काम बंद.

मग बैल घेऊन गडी घरोघर जातो, बाई बैलाचे पाय धुते, ओवाळते, आणि गड्याच्या हातावर पैसे ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात लाज नाही. बोजारा मागायचा असतो. दारात उभं राहून, हसत, थोडं अडून. कमी दिला तर गडी तसं बोलून दाखवतो आणि त्या दिवशी कुणी त्याला उद्धट म्हणत नाही.

आणि झडत्या. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पोळ्याला गावातले सगळे बैल एका तोरणाखाली जमतात, आणि पोळा फुटायच्या आधी लोक एकेक करून मोठ्या आवाजात चार-सहा ओळींची तुकबंदी म्हणतात. शेवटी महादेवाचा गजर. वरवर देवाचं नाव, आत सावकार, पाऊस, कापसाचा भाव, निवडून आल्यावर तोंड न दाखवणारा पुढारी. दरवर्षी नव्या झडत्या होतात. ज्याच्यावर झडती आहे तो तिथंच उभा असतो आणि त्याला हसावं लागतं. मला ही मराठीतली सर्वांत कमी अभ्यासलेली राजकीय कविता वाटते. आमच्याकडच्या मुलींच्या भुलाबाईच्या गाण्यांतही सासरच्या तक्रारी असतात. पाटावर शंकर-पार्वती बसवायचे आणि त्यांच्यासमोर सासू-नणंदेचा हिशेब मांडायचा. म्हणजे वऱ्हाडातल्या सणांनी तक्रारीला पाहुण्यासारखी बोलावून जागा दिलेली आहे.

पोळा म्हणजे समतेचा सोहळा होता, असलं काही मी म्हणणार नाही. पहिली बैलजोडी मानाची, ती बहुतेक पाटलाची. कुणाची जोडी तोरणाखाली कुठं उभी राहणार यावरून गावोगाव डोकी फुटली आहेत, आणि त्या भांडणांचं मूळ जातीत होतं हे सगळ्यांना माहीत असतं. बैलाला विश्रांती देणाऱ्या घरात त्याच दिवशी बायका पहाटेपासून पुरण वाटत असायच्या. बाईच्या खांद्याला हळद-लोणी लावणारा सण अजून कुणी काढलेला नाही.

आता खाण. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वर्षातून एकच दिवस आम्हा पोरांना आत जायला मिळायचं, तो विश्वकर्मा पूजेचा. ही पूजा उत्तरेकडच्या आणि बंगालकडच्या कामगारांनी आणली. ती सूर्याच्या कन्या संक्रांतीवर असल्यामुळे इंग्रजी तारीख सहसा बदलत नाही. मराठी लोकांची यंत्रपूजा खंडेनवमीला किंवा दसऱ्याला. आमच्याकडे दोन्ही व्हायच्या आणि त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. दोनदा बुंदी मिळायची. लेथ मशीन पुसून चकचकीत केलेलं असायचं, डंपरला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. चाक बाबांपेक्षा उंच. पाना, हातोडा, ग्राइंडर पाटावर मांडलेले, त्यांच्यावर हळद-कुंकू. बाबा आम्हाला एकेक मशीन दाखवायचे आणि प्रत्येकाबरोबर एक वाक्य जोडायचे: यात हात गेला तर परत येत नाही.

ते वाक्य हीच त्या पूजेची खरी बाजू आहे असं मला आता वाटतं. अनेक कोळसा खाणींच्या तोंडाशी देवीचं ठाणं असतं ते उगाच नाही. ज्या वस्तूच्या भरवशावर घर चालतं तीच वस्तू जीवही घेऊ शकते, हे माणसाला रोज आठवून चालत नाही, रोज आठवलं तर तो खाली उतरणारच नाही. म्हणून वर्षातला एक दिवस ठरवून आठवायचं, मशीन बंद करून, तिच्यासमोर चप्पल काढून. अंधश्रद्धा म्हणा. मी त्यात भीतीचा प्रामाणिक कबुलीजबाब पाहते. सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरवर ती भीती कधी दिसली नाही.

दसऱ्याची मला आठवणारी गोष्ट पूजेपेक्षा सुट्टीची आहे. बाबांच्या सेक्शनमधले कितीतरी लोक बौद्ध. ते माळा बांधायला मदत करायचे, बुंदी खायचे आणि नागपूरला निघायचे. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला. आणि दीक्षाभूमीवरची गर्दी आजही दसऱ्याच्या तिथीनं जमते. एका सुट्टीत दोन दसरे. एकजण आपट्याची पानं वाटतोय, दुसरा पांढरा शर्ट घालून वणीच्या स्टँडवर उभा आहे. कामाच्या जागी सण साजरे करावेत की नाही, हा वाद आपल्याकडे नेहमी पूजेवर येऊन अडकतो: सत्यनारायण घालावा का, वर्गणी सक्तीची का. सक्तीची वर्गणी चूकच, त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. पण त्या वादात सुट्टी निसटून जाते. पूजा काहींचीच असू शकते. बंद पडलेलं मशीन सगळ्यांचं असतं.

आणि पैसा. कोल इंडियाच्या खाणींमध्ये, म्हणजे आमच्या वेकोलितही, कायम कामगारांना दुर्गापूजा-दसऱ्याच्या आधी एक रक्कम मिळते. कागदावर तिचं नाव ‘परफॉर्मन्स लिंक्ड रिवॉर्ड’, गावात तिचं नाव बोनस. दरवर्षी युनियनचे लोक आणि व्यवस्थापन बसतात, तासन् तास घासाघीस होते आणि आकडा बाहेर येतो. २०१४ ला ४०,००० रुपये, २०२४ ला ९३,७५०, २०२५ ला १,०३,०००. आकडा फुटला की तासाभरात तो वणीच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत असतो. फ्रिज, मोटरसायकल, बहिणीची साडी, अडलेली फी, सगळं त्या आकड्याच्या मागे उभं असतं. दसरा म्हणजे आमच्या घरात आधी तो आकडा, मग आपट्याचं पान.

हा पैसा कुणी प्रेमानं दिलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या महागाईत आणि तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. काही वर्षं दिला आणि नफा घसरल्यावर हात आखडता घेतला. १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि तिनं निकाल दिला की वर्षानुवर्षं मिळाला म्हणून कामगारांचा बोनसवर हक्क तयार होत नाही; ना रिवाजानं, ना कायद्यानं. तो संप कामगार हरले. बोनसचा कायदा यायला १९६५ साल उजाडलं, आणि आजचा किमान ८.३३ टक्क्यांचा दर त्याच्याही नंतरचा. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, तेरावा पगार. दर दिवाळीला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो की इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्याचा केला तेव्हा चार आठवडे बुडाले, ते भरून द्यायला बोनस आला. हिशेब गोड आहे. पण त्या मेसेजात हरलेला संप नाही, तो मॅक्लिओड नाही, आणि म्हणून तो मेसेज एचआरलाही फॉरवर्ड करायला आवडतो.

बोनस म्हणजे बोजाराच, एवढंच की एकट्या गड्यानं दारात उभं राहून मागण्याऐवजी तो सगळ्यांनी मिळून मागितला आणि कागदावर आणला.

पण खाणीतल्या सणाचंही तोरण आता फाटलंय, आणि हे मी बाबांच्या पिढीला ऐकवते तेव्हा त्यांना राग येतो. कोळशावरची माती हटवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर खासगी कंत्राटदारांकडे गेलं आहे. माझा मावसभाऊ अशाच एका कंत्राटदाराचा टिपर चालवतो. तो त्याच धुळीत असतो, त्याच खड्ड्यात उतरतो, चाक तेवढंच उंच. पण १,०३,००० चा आकडा त्याचा नाही. त्याच्या वाट्याला कायद्यातली किमान टक्केवारी, तीही मागे लागून. गेल्या दसऱ्याला त्यानंही गाडीला माळ घातली, नारळ फोडला, फोटो स्टेटसला टाकला. आणि पंधरा मिनिटांनी ट्रिप सुरू. मी त्याला विचारलं, पूजा केल्यावर गाडी उभी ठेवायची असते ना? तो म्हणाला, “ताई, ट्रिपचे पैसे असतात वो. गाडी उभी म्हणजे मीच उभा.”

माळ घातलेली गाडी धावते आहे. माझ्या ऑफिसातला सण मला त्या एका चित्रात पूर्ण दिसतो.

आमच्याकडे दिवाळीच्या आधीचा आठवडा ‘फेस्टिव्ह वीक’ असतो. सोमवारी डेस्क सजवा, मंगळवारी रांगोळी स्पर्धा, बुधवारी ‘एथ्निक डे’, गुरुवारी फराळ. परीक्षक असतात, गुण असतात, बक्षीस म्हणून कूपन असतं. मागच्या वर्षी आमच्या टीमनं रायगडाचा देखावा केला. पुठ्ठ्याचा बुरूज बांधताना मजा आली, खोटं कशाला बोलू? एरवी वर्षभर जे लोक चॅटवर फक्त ‘शुअर’ आणि ‘नोटेड’ लिहितात ते त्या दिवशी एकमेकांच्या हातून कात्री ओढत होते. पण त्याच वेळी क्लायंटचा कॉल चालू होता. एकजण फेटा बांधून, कॅमेरा बंद ठेवून, रिलीज का अडलं ते समजावत होता. लॅपटॉपलाही कुणीतरी हौसेनं हळद-कुंकू वाहिलं होतं. लॅपटॉप चालूच होता. ज्या हत्याराची पूजा केली ते हत्यार खाली ठेवायचं असतं, ही त्या विधीची एकमेव अट, आणि तेवढीच आम्ही काढून टाकली.

आमची काम दुखण्याची जागा कुठं आहे? मान, मनगट, डोळे, रात्री अडीचला वाजणारा ऑन-कॉलचा फोन. पोळ्यासारखा सण आमच्याकडे रचायचा झाला तर त्याची सुरुवात फोन बंद करण्यापासून झाली असती. त्याऐवजी सजतो तो माणूस, आणि मोजला जातो त्याचा सहभाग. ‘एथ्निक डे’ला साध्या जीन्समध्ये आलं तर मॅनेजर हसत विचारतो, “काय गं, मूड नाही का?” आता सजणं हेही कामात आलं. त्याचा जास्त भार बायकांवर. नऊ दिवसांच्या नऊ साड्या पुरुषांच्या हिशेबात कधी येत नाहीत.

पैशाच्या जागी ड्रायफ्रूटचा डबा. चौकोनी, सोनेरी, आत सॅटिनचा कपडा, चार खणांत मूठ-मूठ बदाम-काजू, वर सीईओची छापील सही. बोनसच्या कायद्याची पगारमर्यादा आम्ही केव्हाच ओलांडलेली, त्यामुळे कायद्यानं आमचा काही हक्क नाही आणि त्याबद्दल मला रडायचं नाही. आम्ही उपाशी नाही. पण डबा बोजाऱ्यापेक्षा कुठं वेगळा आहे ते लक्षात घेण्यासारखं आहे. तो मागता येत नाही. कमी आहे असं म्हणता येत नाही. घेताना फोटो काढायचा असतो, आणि लिंक्डइनवर कंपनीला टॅग करून आभार मानायचे असतात. मॅक्लिओडसाहेबांना हा डबा पटला असता.

आणि रांगोळी. साडेनऊला सगळे गेल्यावर ती झाडून काढतात त्या ताई हाउसकीपिंगच्या कंत्राटावर आहेत. त्यांचं नाव मेलच्या यादीत नाही, म्हणून त्यांना फराळाचं निमंत्रण नाही. डब्यांची मोजणी कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरती. मी त्यांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की रंग टाइलच्या फटीत बसतो, ओल्या फडक्यानं पुसला की पसरतो, आधी कोरडं झाडावं लागतं. मावसभावाचा टिपर आणि या ताईंचं फडकं, दोन्ही सणाच्या हद्दीबाहेर चालू राहतात. खाण तरी मागास म्हणून सोडून देता येईल. आम्ही तर काचेच्या इमारतीत बसतो.

तरुण वाचकांपैकी काहीजण म्हणतील, ऑफिसात सण नकोतच, ऑफिस म्हणजे काम, धर्म घरी. मला ते फार कोरडं वाटतं. जागेपणाचा बहुतेक वेळ ज्या माणसांबरोबर जातो त्यांच्याबरोबर वर्षातून एकदा लाडू खाऊ नये, असं कुठलं शहाणपण आहे? शिवाय सण काढून टाकला तर उरते ती निव्वळ डेडलाइन. दुसरे म्हणतील, एवढं काय, मजा करा आणि सोडून द्या. पण आमची मजा कुणीतरी आधी आखून मेलवर पाठवलेली असते, आणि त्या आखणीत एक गोष्ट हमखास वगळलेली असते: झडती. फेस्टिव्ह वीकमध्ये गाणी असतात, नाच असतो, ‘टॅलेंट शो’ असतो. मॅनेजरसमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, यमक जुळवून, अप्रेझलबद्दल बोलायची सोय त्यात नसते. त्यासाठी वेगळा ‘अनॉनिमस फीडबॅक फॉर्म’ असतो. वणी तालुक्यातला अंगठाबहाद्दर शेतकरी जे पाटलाच्या तोंडावर म्हणायचा ते आम्ही इंजिनिअर लोक नाव लपवून टाइप करतो.

यंदाच्या पोळ्याला मी घरी होते. राजूरच्या आजूबाजूच्या गावांत बैल कमी झालेत. तोरणाखाली आठ-दहा ट्रॅक्टरही उभे होते, बोनेटला झूल, आरशांना गोंडे. एका झडतीत विमा कंपनी होती, एकीत मोबाइलचा रिचार्ज. संध्याकाळी आमच्या दारात एक ट्रॅक्टर आला. आईनं पुढच्या चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं, बोनेटवर पुरणपोळी ठेवली. ड्रायव्हर विशीतला, मालक दुसराच. आईनं पन्नासची नोट पुढे केली. त्यानं नोटेकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, खिशातून फोन काढून क्यूआर कोड आमच्यासमोर धरला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, “काकू, ताई पुण्याले कंपनीत हाय म्हणते. पन्नासात नाही भागत मंग.”